काळ्या खडपीचे एकशे चाळीस बिंदू

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गुडघा शेकत बसावं लागलं आहे, म्हणून वही उघडली. नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लिहीत बसायला मला कुठली फुरसत!

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं बरण्या पुसल्या. मार्चमध्ये ती जागाच बंद झाली. आता मी मुंबईच्या एका संस्थेची ‘क्षेत्र सहायक’ आहे, एका वर्षाच्या करारावर. काम ऐकायला फार देखणं आहे. डहाणूपासून तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर प्रवाळ किती आहे आणि त्याची तब्येत कशी आहे, हे आकाशातून बघायचं. नविन नावाचा मुलगा ड्रोन उडवतो. हा आधी तलासरीकडे लग्नाच्या वराती शूट करायचा. साठ मीटरवरून त्याने काढलेले फोटो मुंबईला डॉक्टर दक्षा मॅडमकडे जातात, त्या जोडून नकाशा करतात. आणि वरून दिसलं ते खाली खरंच आहे का, हे बघायला कोणाला तरी चालावं लागतं. ती मी.

सुरुवात भेंडीपाड्यासमोरच्या काळ्या खडपीपासून, म्हणजे खडकाच्या लांबलचक पट्ट्यापासून, केली. नकाशावर एकशे चाळीस बिंदू दिले आहेत. प्रत्येक बिंदूशी जाऊन अर्ध्या मीटरची चौकट टाकायची आणि आत काय आहे ते मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये भरायचं: प्रवाळ, शेवाळ, वाळू, नुसता दगड, इतर. प्रवाळ असेल तर त्याचा रंग. तपकिरी म्हणजे बरं, पांढरं पडलं म्हणजे आजारी.

सकाळी सात वाजता पाणी पार मागे गेलं होतं. सगळी खडप तपकिरी, ओली, वाकडीतिकडी. मी एकतीस बिंदू केले. त्यांत चार ठिकाणी प्रवाळ होतं, डबक्यात, बशीएवढं, चिखलाच्या रंगाचं. चित्रात दाखवतात तसलं काही नाही. एकतिसाव्या बिंदूवर पाय सटकला आणि गुडघ्यात कळ आली ती अशी, की डोळ्यांपुढे काजवे.

नविनने हात धरून सुरूच्या झाडांखाली आणून बसवलं. पाणी परत किनाऱ्याकडे यायला तास होता. मी टॅबलेटवर त्याचे फोटो उघडले आणि उरलेले एकशे नऊ बिंदू तिथंच बसून भरले. जिथं खडबडीत तपकिरी दिसलं तिथं ‘प्रवाळ, तपकिरी’. त्या चारांसारखंच दिसत होतं. खडपीवर नेट नसतं, त्यामुळे मी कुठं उभी आहे ते फॉर्म विचारत नाही. फोटो जोडायची सक्ती अजून नाही.

पुढच्या उधाणाला, पाणी पुन्हा एवढं मागे जाईल तेव्हा, नीट चालीन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वारा. ड्रोन उडालाच नाही. नविन म्हणाला, “ताई, उडवलं तर थेट गुजरातला जाऊन पडेल.” मला मनातून बरंच वाटलं.

परतताना भेंडीपाड्याच्या खळ्यावर पाणी प्यायला थांबलो. तिथं रूपी भेटली. पन्नाशीची, माझ्याच वयाची असेल. पण मी तिच्यापुढे म्हातारी दिसते. भात झोडत होती. मी विचारलं, तू त्या खडपीवर जातेस का. ती हसायलाच लागली.

“जाते ना. कालवंच काढते मी, दगडावरची शिंपली. डहाणूच्या बाजारात माझीच कालवं असतात. पन आता नाय.”

“का?”

“भात घरात आलं नाय अजून. नवं भात देवाला दाखवायचं, मंग कालवाला हात लावायचा. आमच्या पाड्यात कोन नाय जात त्याच्या आधी. पावसाळाभर ती वाढतात, त्यांना पन जगू दे की नाय? आता पुढल्या पुनवेपासून जाऊ.”

घरी सून पुष्पा बाळंत झाली आहे. मुलगा कामाला वापीला. म्हणजे घर चालतं ते उधाणाच्या चार-पाच दिवसांवर. महिन्यातून दोन उधाणं, तेवढंच.

गुडघ्याला तेल लावून घे म्हणाली. कोणतं ते सांगितलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ड्रोनची बॅटरी उशीसारखी फुगली. नवी बॅटरी मुंबईहून येणार. या उधाणालाही उड्डाण नाही. वाणगावला घरी बसून निवडणं-टिपणं केलं. माझा नवरा उमेश म्हणतो, “घरबसल्या शास्त्रज्ञ झालीस.” त्याला सहज बोलायचं असतं, पण मला लागतं.

२१ जानेवारी, बुधवार

दमले. दोन वेळा झोप काढली तरी दमलेच आहे.

अमावास्येनंतरचा तिसरा दिवस. पाणी सगळ्यात लांब जातं ते याच दिवसांत. आम्ही सव्वासातला पोचलो तर खडपीवर पंधरावीस बाया, टोपल्या, गप्पा, लोखंडाची टकटक. फोटोत माणसं आली की तो तुकडा बाद होतो, म्हणून नविनने त्यांना लांबूनच ओरडून बाहेर काढलं. रूपी वैतागली. “रविवारपासून येतो आमी, तवा कुठं होतास? आजच तुजं पाखरू उडायचं होतं?” पण आल्या बिचाऱ्या. किनाऱ्यावर बसून राहिल्या.

पंचवीस मिनिटांत उड्डाण झालं. टॅबलेटवर बघितलं आणि परत झूम करून बघितलं. ऑक्टोबरात तपकिरी होतं ते आता जागोजागी पांढरं. ठिपकेच ठिपके. मी आठ-दहा बिंदू चालले, ते किनाऱ्याजवळचे, तिथं काही विशेष नव्हतं. पांढरं सगळं लांब, पाण्याच्या कडेला. तिथपर्यंत जायचं म्हणजे दोन घळी ओलांडायच्या, एका पायावर. मी वळले. उरलेले एकशे तीस सुरूखाली बसून भरले. जिथं पांढरं, तिथं ‘प्रवाळ, पांढरे’. तब्बल एकसष्ट ठिकाणी.

हे लिहिताना लाज वाटते आहे. पण पांढरं तर होतंच. मी काही मनाने रंगवलं नाही.

जाताना रूपीने डबाभर कालवं दिली. पैसे घेईना. त्यांचं अर्धं शिंपलं खडकाला तसंच चिकटून राहतं, वरचं झाकण तेवढं उडवायचं आणि आतलं मांस बोटाने काढून घ्यायचं, असं तिने हातवारे करून दाखवलं. ओलं खोबरं आणि कोकम घालून केली. उमेशने दोनदा भात घेतला.

२४ जानेवारी, शनिवार

मॅडमचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत, मेल करतात.

“सुषमाताई, हे तुमच्या लक्षात आलंय का काय आहे ते? थंडीत प्रवाळ पांढरं पडतंय! या किनाऱ्यावर असं कोणी नोंदवलेलंच नाही. तुमची जमिनीवरची पडताळणी नसती तर मी विश्वास ठेवला नसता.”

मी “हो मॅडम” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी सांगितलं की मी भरलेल्या फॉर्मांवरूनच संगणकाला शिकवलं आहे. कुठला रंग म्हणजे काय, हे तो माझ्याकडून शिकला, आणि आता झाईपर्यंतचा सगळा किनारा तो एकटा ओळखतो. “तुमचे डोळेच म्हणा ना त्याला दिलेत.” पुढच्या वर्षी करार वाढवायचा विचार आहे म्हणाल्या.

रात्रभर आनंदाने झोप यायला हवी होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाड्याच्या हातपंपाजवळ कागद लागला आहे. किनारा समितीचा. काळ्या खडपीवरचं प्रवाळ झपाट्याने खराब होत असल्याचं हवाई पाहणीत आढळलं आहे. माणसांची वर्दळ हे संभाव्य कारण. गुरुवारपासून खडपीवर जाण्यास मनाई. मार्चअखेर पाहणीचा निकाल बघून पाच वर्षांच्या बंदीचा निर्णय.

‘हवाई पाहणीत’ लिहिलंय, माझं नाव नाही. किती सुटल्यासारखं वाटलं!

रूपीने मला विचारलं, “प्रवाळ म्हंजे काय गं बाय?” मी मोबाईलवर फोटो दाखवला, ऑक्टोबरातल्या चारांपैकी एक.

“हा? हा खरूज आलेला दगड? हा तर हाये तसाच हाये.”

“पांढरा पडतोय तो.”

“कुठं?”

“लांबवर. पाण्याकडे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मी तिथंच असते,” म्हणाली. मला वाटलं, जे रोज बघतो ते माणसाला दिसत नाही. असं होतं. मी तिला समजावून सांगितलं की पाच वर्षांनी खडप बरी झाली की तुमचाच फायदा. माझं मलाच ते कॉलेजातल्या भाषणासारखं वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उड्डाण. खडप रिकामी. नविन खूश, कोणाला हाकलावं लागलं नाही.

पहाऱ्याला समितीने हाल्याला ठेवलं आहे, पाड्यातलाच, रूपीच्या जावेचा मुलगा. हिरवं जाकीट, शिट्टी. साडेसातला तो घळीकडे धावला. तिथून त्याने रूपीलाच आणलं. टोपली अर्धी भरलेली.

“काकी, मना नोकरी हाये गं,” तो अगदी रडवेला झाला होता. “टोपली दे. ते लोखंड पन दे.”

रूपीने टोपली दिली. कालवं फोडायचं लोखंड मात्र धरून ठेवलं. तिच्या सासूचं होतं म्हणे. मग तेही दिलं. माझ्या डोक्यावर संस्थेची टोपी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी टॅबलेटमध्ये मान घातली. स्क्रीनवर काही नव्हतं तेव्हा.

पांढरं थोडं कमी झालंय असं दिसतं. मी आज एकही बिंदू चालले नाही, फॉर्मही भरला नाही; आता संगणकच ओळखतो. उगाच कशाला खोटं लिहू.

८ मार्च, रविवार

डहाणूच्या बाजारात रूपी दिसली नाही. तिच्या जागी दुसरी बाई वांगी घेऊन बसली होती. तिने सांगितलं, रूपी सायवनकडे रस्त्याच्या कामाला जाते, पहाटे टेम्पो येतो, काळोख पडल्यावर सोडतो. पुष्पा तान्ह्या मुलाला घेऊन घरात एकटी.

मी कोलंबी न घेताच परत आले.

२१ मार्च, शनिवार

उड्डाण छान झालं. खडप जवळजवळ पुन्हा तपकिरी. अकराच्या सुमारास मॅडमचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता.

“बंदीचा परिणाम! सहा आठवड्यांत इतकी सुधारणा! शुक्रवारी समितीपुढे मांडायचं आहे. ताई, एकच करा. सुधारलेल्या प्रवाळाचे जवळून पाच फोटो हवेत. बिंदू शहाण्णव ते शंभर. तिथं तर तुम्ही जाऊन आलाच आहात.”

नविनला म्हटलं, उद्या काठी आण.

२२ मार्च, रविवार

आज बिंदू शहाण्णववर गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

नविनने एका हाताला धरलं, दुसऱ्या हातात काठी. दोन घळी, कमरेपर्यंत पाणी. पोचले, चौकट टाकली, आणि बघत बसले.

कालवं. फोडलेली कालवं. खडकाला चिकटलेली अर्धी शिंपली, पंचवीस-तीस एका चौकटीत. आतली बाजू एकेकाळी पांढरीशुभ्र असणार. आता त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरलं होतं. बोटाने खरवडलं तर खाली चमकदार पांढरं. बाजूची जिवंत कालवं तपकिरी, खडबडीत. सत्त्याण्णव बघितला, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. मग जिद्दीने एकशे चार. कुठं प्रवाळाचा तुकडा नाही.

मग एकेक सगळं उलगडत गेलं, आणि मला तिथंच त्या ओल्या खडकावर बसावं लागलं. ऑक्टोबरात खडप तपकिरी, कारण देवाला नवं दाखवलं नव्हतं आणि कालवाला कोणी हात लावला नव्हता. जानेवारीत पांढरी, कारण बाया आमच्या तीन दिवस आधीपासून येऊन कालवं फोडत होत्या. पाणी लांब जातं तेव्हाच त्या येणार आणि तेव्हाच आम्ही उडवणार. मार्चमध्ये पुन्हा तपकिरी, कारण खडप बंद, ताजं शिंपलं नाही, जुन्यावर शेवाळ. बंदी घातली की बरं होणारा आजार. आणि हे सगळं रूपीने मला डबा देताना हातवारे करून दाखवलं होतं. मी ते लिहूनही ठेवलं आहे याच वहीत, कोकमाच्या वर दोन ओळी.

नविनने विचारलं, “ताई, कुठलं प्रवाळ काढू क्लोजअप?”

“काढू नको,” मी म्हटलं.

त्याने मोबाईल खिशात टाकला. “मला वाटलं तुम्ही चालत जाता. मी ड्रोन पॅक करत असतो ना.”

२४ मार्च, मंगळवार

उमेशला सांगितलं. त्याने जेवण थांबवलं नाही, हे बरं केलं. म्हणाला, “शुक्रवारच्या आधी मॅडमना एकट्यांनाच सांग. सभेत कशाला? आजारी होते म्हण. गुडघ्याचे एक्स-रे आहेतच.”

मी मॅडमना दोनदा फोन लावला आणि दोनदा तो वाजायच्या आत तोडला. मग मेल लिहिला. ‘काही बिंदूंच्या बाबतीत शंका आहे.’ काही बिंदू! पाठवला नाही.

खरं सांगायचं तर नोकरीची भीती आहे, पण तेवढीच नाही. एकवीस वर्षं पोरांच्या जर्नलवर मी लाल पेनने लिहीत आले, ‘आकृती पाहून काढा, पुस्तकातून नको’. तीच मी. त्या पोरांना काय तोंड दाखवू, असं उगाचच मनात येतं, जणू ती सगळी शुक्रवारी येऊन बसणार आहेत.

२७ मार्च, शुक्रवार

झालं. सांगितलं.

सभा शाळेच्या वर्गात होती. समितीचे तीन जण, मॅडम, मी, नविन. मागे पाड्याच्या बाया, खाली बसलेल्या. रूपीने रस्त्याचं काम बुडवलं होतं. मॅडमनी भिंतीवर तीन नकाशे दाखवले, तपकिरी, पांढरा, तपकिरी. एकशे चाळीसपैकी ब्याण्णव बिंदूंवर प्रवाळ, असं म्हणाल्या. बायांना त्यातलं काही कळलं नाही, पण ‘पाच वर्षं’ एवढं कळलं.

मी उभी राहिले. गुडघ्यामुळे बाकाला धरून. म्हटलं, “हे चूक आहे. पांढरं ते प्रवाळ नाही, फोडलेल्या कालवांची शिंपली आहेत. मी ते बिंदू चालून बघितलेच नव्हते. सुरूखाली बसून भरले. दोन्ही वेळा.”

मॅडमचा चेहरा मी बघितला आणि परत बघू शकले नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “किती बिंदू, ताई?”

“जवळजवळ सगळे.”

समितीचे अध्यक्ष हुशार निघाले. त्यांनी घसा खाकरून सांगितलं की ही तांत्रिक बाब आहे, एकशे चाळीस बिंदूंची फेरतपासणी पायी व्हावी, आणि तोपर्यंत खबरदारी म्हणून बंदी तशीच राहील. म्हणजे मी खरं बोलले आणि खडप बंदच.

बाहेर रूपी गाठ घ्यायला थांबली होती. मला वाटलं, चांगलं बोलेल. उगाच वाटलं.

“तू आलीच नव्हतीस तिथं?”

“नाही.”

“दोन महिने मी दगड फोडते रस्त्यावर. पुष्पाचं दूध आटलं. आनि तू झाडाखाली बसली होतीस.” तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “मना एकदा इचारलं असतंस. मी किनाऱ्यावरच बसलेली होती ना, तूच उठवून बसवलेली.”

मी माफी मागितली. ती निघून गेली होती तोवर, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३० मार्च, सोमवार

मॅडमचा मेल. तीन ओळी. फेरतपासणी मीच करायची, सोबत फोटो, प्रत्येक बिंदू. स्थानिक वाटाड्या घ्यायची परवानगी समितीने दिली आहे. काम पूर्ण करून दिल्यावर करार संपेल. खाली ‘काळजी घ्या’ लिहिलं आहे. त्या दोन शब्दांनीच मला रडू आलं.

वाटाड्या म्हणून मी रूपीचं नाव दिलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. हाल्याने निरोप आणला, “काकी बोलली, येते. पन तिचं लोखंड परत पायजे.” त्याने ते समितीच्या कपाटातून काढून आणलं, सही घेऊन.

५ एप्रिल, रविवार

उधाणाचा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी अडतीस बिंदू, काल सदतीस, आज बत्तीस. एकशे सात झाले. अंगातला कण न् कण दुखतो आहे, पण दुखण्यावर राग नाही.

रूपी पुढे चालते, मी मागे. ती बोलत नाही. पाय कुठं टाकायचा तेवढं लोखंडाच्या टोकाने दाखवते. दोन घळींना तिची वेगळीच वाट आहे, गुडघ्यापर्यंतसुद्धा पाणी लागत नाही. मध्ये मध्ये एखादं कालव उडवते आणि टोपलीत टाकते. हाल्या किनाऱ्यावर पाठ करून बसलेला असतो.

एकशे सहाव्या बिंदूपर्यंत खरं प्रवाळ सात ठिकाणी मिळालं. सगळं तपकिरी, जिवंत. मॅडमच्या नकाशात ब्याण्णव होती.

एकशे सातव्या बिंदूला डबक्याच्या कडेवर आठवं दिसलं, परातीएवढं, या खडपीवरचं सगळ्यात मोठं. मी खाली वाकले. एका बाजूची कड तुटलेली होती. तुटकं टोक पांढरं. हे मात्र खरोखर प्रवाळाचंच पांढरं. आणि शेजारी फोडलेली कालवं, अगदी चिकटून.

मी वर बघितलं. रूपीनेही बघितलं होतं. ती उकिडवी बसली आणि बोट त्या कडेवरून फिरवलं.

“हे मीच हाणलं असेल,” ती म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. “इथं पाय टेकायला हीच जागा. कालव दिसलं की हात बसतो.”

माझ्या हातात मोबाईल, फॉर्म उघडा. मला खरंच कळेना. हे लिहिलं तर समितीला आयतं कारण मिळणार, यावेळी खरं कारण. नाही लिहिलं तर पुन्हा तीच मी, सुरूखालची. पाणी लांबवर फुसफुसत होतं. मी ‘प्रवाळ, तपकिरी, कड तुटलेली’ एवढं भरलं आणि थांबले.

“काय लिवलंस?”

वाचून दाखवलं.

“कोनी तोडलं ते?”

“तो रकाना नाही फॉर्ममध्ये. नाही लिहिलं तरी चालेल, रूपी. लिहिलं तर तुलाच—”

“बाजूला जागा आसेल ना? लिव. भेंडीपाड्याची रूपी इथं कालवं काढते. तिचं लोखंड लागलं. तिच्या सासूचं पन लागलं असेल. आता बघून हाणेल.” मी टाइप करेना तशी ती चिडली. “अगो, तुमच्या कागदावर या खडपीत दगड हाये, शेवाळ हाये, वाळू हाये. मीच नाय. मंग बंद करायला त्यांचं काय जातं?”

‘शेरा’ म्हणून एक चौकोन होता, मी कधी वापरला नव्हता. त्यात तिने सांगितलं तसं, शब्दाला शब्द लिहिलं. तिने परत वाचायला लावलं. मग फोटो काढला, आणि तिचा हात चौकटीत आला तो तसाच राहू दिला.

पाणी वळलं तेव्हा आम्ही निघालो. उद्या उरलेले तेहतीस.